आधी उंट बांधा

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या घरची दोन आणि शेजारचा एक अशी तीन मुलं चुडाव्याहून खुलदाबादला सायकलवर निघणार आहेत. अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास, मुक्काम चार, रात्री तंबूत. तिघंही अकरावी-बारावीची. मी सोबत जाणार नाही, हे मुद्दाम ठरवलं आहे. म्हणूनच घरात पहिला सवाल त्यांच्या अम्मीचा आला, "अल्लाहच्या भरवशावर पोरं अशीच सोडायची का?"

अशीच नाहीच सोडायची. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू का, असं विचारणाऱ्याला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आधी उंट बांधायला आणि मग भरवसा ठेवायला शिकवलं. ही हदीस तिर्मिजीत आहे. तयारी म्हणजे तवक्कुलमधली कमतरता नव्हे, तवक्कुलची सुरुवातच तिथून होते.

सायकलीबाबत घरात एक नियम केला. ज्याला स्वतःचं पंक्चर काढता येत नाही, त्याने निघायचं नाही. आपल्याकडे बाभळीचा काटा कुठेही भेटतो. ट्यूब पाण्यात धरून बुडबुडे पाहायचे, जागा कोरडी करून पॉलिश पेपरने घासायची, सोल्युशन लावून थोडं सुकू द्यायचं, मग ठिगळ दाबायचं. एवढं मुलं लवकर शिकली. पण टायरच्या आतून कापड फिरवून रुतलेला काटा शोधायचा राहिला, तर नवं ठिगळही दहा मिनिटांत वाया जातं. त्यावर मी जास्त वेळ दिला.

चाकांचा आऊट काढून घेतला, कारण वजन पडल्यावर ढिले स्पोक आधी तुटतात आणि तेही बहुधा मागच्या चाकाचे. ब्रेकचे रबर नवे टाकले. दौलताबादच्या पुढे घाट आहे. चढताना फक्त दम लागेल, पण येताना ओझ्यासह उतरायचं आहे. सोबत दोन ट्यूब, पंप, पाने, जादा स्पोक, चेनची कडी आणि तेलाची छोटी बाटली.

सामान पाठीवर घ्यायचं नाही. मागच्या कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना, शक्य तितकं खाली आणि सारख्या वजनाचं. जाड कापडाच्या पिशव्या अम्मीनेच मशीनवर शिवल्या. त्यात तंबू, सतरंजी, एक जादा जोड, टॉर्च, ओआरएसच्या पुड्या, आधार कार्ड आणि पातळ जानमाज.

रस्ता शक्यतो रेल्वेलाइन धरून निवडला: पूर्णा, परभणी, सेलू, परतूर, जालना. सायकल साफ मोडली किंवा कोणी आजारी पडलं, तर स्टेशन गाठता यावं. तिघांतला एक अमीर नेमला आहे. सफरीत तिघं असतील तर एकाला अमीर करावं, ही तालीम हदीसमध्येच आहे. कुठे थांबायचं याचा निर्णय तो घेईल, बाकीचे ऐकतील. नमाजचंही समजावलं. हनफी मसलकात साधारण 77 किलोमीटरपेक्षा लांबच्या सफरीला निघून वस्ती सोडली, की जुहर, असर आणि इशाचे फर्ज दोन-दोन रकात होतात.

खरी काळजी मात्र पंक्चरची नव्हती. अंधारात परक्या गावात तीन अनोळखी मुस्लिम पोरं तंबू ठोकताना दिसली तर? ही भीती प्रत्येक घरात आहे, उगाच लपवू नये. म्हणून मुलांना सांगितलं की, उजेड असतानाच मुक्काम गाठा. सरपंच, पोलीस पाटील किंवा शेतमालक यांच्याकडे स्वतः जा, सलाम-नमस्कार करा, नाव आणि गाव सांगा, परवानगी मागा. कोणी नाही म्हटलं तर वाद न घालता पुढे चला. सकाळी जागा झाडून निघा. आपली ओळख लपवायची नाही, ती चांगल्या वागण्याने करून द्यायची.

मुलांना मी मुंबईच्या पारशी तरुणांची हकीकतही सांगितली. 15 ऑक्टोबर 1923 रोजी सहा जण सायकलवर जगप्रवासाला निघाले. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगारा हे तिघे 1928 मध्ये प्रवास पुरा करून परतले. इराण, इराकच्या वाळवंटातून ते गेले तेव्हा हातात मोबाइल नव्हता आणि सायकलीला आजचे गिअर नव्हते. त्यांच्यापुढे आमचं खुलदाबाद अंगणातलंच. तरी तिथे मलिक अंबरची कबर पाहताना, हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस दख्खनचा कारभारी कसा झाला, हे मुलं पुस्तकापेक्षा जास्त लक्षात ठेवतील, असं मला वाटतं.

निघण्याआधीच्या रविवारी पूर्ण सामानासह नांदेडपर्यंत जाऊन यायचं. त्यात जे कुरकुरेल ते दुरुस्त करायचं, जे जड वाटेल ते कमी करायचं. कोणाकडून आणलेली वस्तू, कोणाचे उधार पैसे असतील तेही परत करायचे, कारण तेसुद्धा ओझंच. एवढं झालं, की आईबापांच्या हाती उरते ती दुआ. आणि ती मग निर्धास्त मनाने करता येते.