दोन टक्क्यांचा हिशेब

मुलगी कॉलेजला गेली त्या वर्षी आम्ही दोघांनी घरखर्चाची नव्याने मांडणी केली. न्यू जर्सीत एडिसनला आम्ही बरीच वर्षं राहतो. घराचा हप्ता, प्रॉपर्टी टॅक्स आणि आता कॉलेजची फी हे मोठे आकडे ठरलेले, त्यांना हात लावता येत नाही. उरतो तो रोजचा खर्च. ग्रोसरी, गाडीचा गॅस, औषधं, फोनची बिलं, गाडीची दुरुस्ती, अधूनमधून बाहेरचं जेवण. हे सगळं मिळून महिन्याला साधारण २,००० डॉलर होतात आणि त्यातले बहुतेक कार्डावरच जातात. ते कोणत्या कार्डावर जावेत, हे एकदा कागद-पेन घेऊन ठरवायचं मी मनावर घेतलं.

आमच्या मराठी मंडळात या विषयातल्या जाणकारांची कमतरता नाही. माझ्या एका मैत्रिणीकडे बरीच कार्डं आहेत आणि कोणतं कुठे चालवायचं याच्या चिठ्ठ्या तिने प्रत्येकावर चिकटवल्या आहेत. तिला त्यात मनापासून रस आहे आणि ती खरोखरच पैसे वाचवते. तिच्याकडूनच मी सगळं समजून घेतलं. चेस फ्रीडम फ्लेक्स किंवा डिस्कव्हर इट यांसारखी कार्डं दर तिमाहीला ठरावीक प्रकारच्या खरेदीवर ५ टक्के परत देतात. मात्र दर तिमाहीला ती सवलत आपण आठवणीने चालू करावी लागते आणि ५ टक्के मिळतात ते पहिल्या १,५०० डॉलरवरच. म्हणजे तिमाहीला जास्तीत जास्त ७५ डॉलर, आणि तेही त्या-त्या वेळच्या यादीत आपला खर्च बसला तर.

दुसरा पर्याय अमेरिकन एक्सप्रेसच्या ब्लू कॅश प्रिफर्डचा. सुपरमार्केटमधल्या वर्षाच्या पहिल्या ६,००० डॉलरवर ते ६ टक्के देतं, आणि त्याची वार्षिक फी ९५ डॉलर. पूर्ण ६,००० वापरले तर ३६० डॉलर मिळतात, फी वजा जाता २६५. तेवढ्याच खर्चावर सरसकट २ टक्के देणारं कार्ड १२० देईल. कागदावर ब्लू कॅशच पुढे. ज्यांची सगळी ग्रोसरी सुपरमार्केटमधून येते त्यांनी ते जरूर घ्यावं, असंच मी म्हणेन. पण कॉस्टको, वॉलमार्ट, टार्गेट यांच्यासारखी दुकानं त्या ६ टक्क्यांत धरली जात नाहीत, आणि आमचं दूध, तेल, फळं कॉस्टकोतून येतात. डाळ-तांदूळ, पीठ, भाज्या ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानांतून. मी मागची स्टेटमेंटं काढून बघितली, तर खऱ्या अर्थाने सुपरमार्केट म्हणावं अशा ठिकाणी आमचे वर्षाला दीडेक हजारच जात होते. त्याचे ६ टक्के ९० डॉलर, आणि फीच ९५! गॅसवर ते कार्ड ३ टक्के देतं, तेही धरून पाहिलं. तरी आमची बेरीज सरसकट २ टक्क्यांच्या खालीच राहिली.

तेव्हापासून मी कोणालाही आधी हेच सांगते, की कार्डांच्या जाहिराती बघण्याआधी आपली स्टेटमेंटं बघा. मोठे टक्के नेहमी कुठल्या तरी अटीला बांधलेले असतात, आणि ती अट आपल्या घराला लागू पडते की नाही हे आपल्या खर्चातच लिहिलेलं असतं.

मग राहिली फी नसलेली, सगळ्या खरेदीवर एकच दर देणारी कार्डं. यात दीड टक्केवाली आहेत आणि दोन टक्केवाली आहेत. आमच्या वर्षाच्या २४,००० डॉलरवर दीड टक्क्याने ३६० मिळतात, दोनने ४८०. दोन टक्क्यांत सिटीचं डबल कॅश चांगलं वाटलं, कारण ते १ टक्का खरेदीच्या वेळी आणि १ टक्का बिल भरल्यावर देतं. ही रचना मला मनापासून आवडली. पण ते मास्टरकार्ड आहे, आणि इथल्या कॉस्टकोच्या दुकानांत २०१६ पासून क्रेडिट कार्ड फक्त व्हिसाचंच चालतं. आमचा मोठा खर्च तिथलाच. म्हणून वेल्स फार्गोचं ॲक्टिव्ह कॅश घेतलं. तेही फी नसलेलं, सरसकट २ टक्क्यांचं, आणि व्हिसा. निवड शेवटी ठरली ती आम्ही दूध कुठून आणतो यावर.

हे कार्ड भारतात जाताना मात्र घरीच राहतं. परदेशातल्या खर्चावर ते ३ टक्के शुल्क लावतं. पुण्यात लक्ष्मी रोडवर साडी घेतली तर २ टक्के मिळवण्यासाठी ३ टक्के द्यायचे, हा व्यवहार मला पटत नाही. त्या प्रवासासाठी असं शुल्क नसलेलं वेगळं कार्ड आहे. कॅपिटल वनच्या कार्डांवर ते नसतं, आणि त्यांच्या क्विकसिल्व्हरवर दीड टक्का मिळतोही.

वार्षिक फी नको, हा माझा आग्रह केवळ ९५ डॉलरसाठी नाही. भारतातून आलेल्या माणसाचं इथे पत-इतिहासाचं पान कोरं असतं. तिकडचा सिबिलचा इतिहास इथे सहसा कोणी बघत नाही. इथली पत मोजणाऱ्या फायको स्कोअरमध्ये ३५ टक्के वजन वेळेवर पैसे भरण्याला, ३० टक्के डोक्यावर किती उधारी आहे याला, आणि १५ टक्के आपली खाती किती जुनी आहेत याला असतं. फी असलेलं कार्ड पुढे नकोसं झालं की माणूस ते बंद करायला बघतो. फी नसलेलं कार्ड तसंच ठेवता येतं आणि त्याचं वय वाढत राहतं. घराचं कर्ज घेताना आम्हाला त्या जुन्या खात्यांचा उपयोग झाला आहे.

या सगळ्या हिशेबातला सर्वांत महत्त्वाचा आकडा मात्र कॅशबॅकचा नाही, व्याजाचा आहे. इथे कार्डांचं व्याज सर्रास वर्षाला २० टक्क्यांच्या वर असतं. २४ टक्के धरू. २,००० डॉलरचं बिल महिनाभर तसंच मागे राहिलं तर व्याज ४० डॉलर. आणि २,००० वर २ टक्के कॅशबॅक? तेही ४० डॉलर. एका महिन्याची ढिलाई त्या महिन्याची सगळी कमाई घेऊन जाते. शिवाय बिल पूर्ण भरलं नाही की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते आणि दूध-भाजीवर पहिल्या दिवसापासून व्याज चढू लागतं. २००९ च्या क्रेडिट कार्ड कायद्यामुळे नुसती किमान रक्कम भरत गेलो तर कर्ज फिटायला किती काळ लागेल, हे प्रत्येक स्टेटमेंटवर छापावं लागतं. ती चौकट प्रत्येकाने एकदा तरी वाचावी.

सांगलीला माझ्या लहानपणी किराणा महिनाभर वाण्याच्या वहीत लिहिला जायचा आणि पगार हातात आला की आई सगळ्यांत आधी ते खातं चुकतं करायची. कार्डाकडे मी तशाच वहीसारखं बघते. पूर्ण बिल ड्यू डेटला खात्यातून आपोआप जाईल अशी सोय करून ठेवली आहे. जे पैसे खात्यात नाहीत, ते कार्डावर खर्च करत नाही.

हे दोन टक्के येतात कुठून, हेही माहीत असावं. कार्ड घासलं की दुकानदाराला त्या रकमेतून शुल्क द्यावं लागतं, आणि आपलं बक्षीस मुख्यतः त्यातूनच निघतं. न्यू जर्सीत बऱ्याच पंपांवर रोखीचा आणि कार्डाचा दर वेगवेगळा लिहिलेला असतो. ३ डॉलरच्या गॅलनवर २ टक्के म्हणजे ६ सेंट, आणि दोन दरांत फरक १० सेंटचा असेल तर रोख देणंच शहाणपणाचं. ओक ट्री रोडवरच्या लहान दुकानांतून कार्डासाठी किमान १० डॉलरच्या खरेदीची पाटी दिसते. २०१० पासून कायद्याने त्यांना तेवढी मर्यादा घालायला मुभा आहे. मी तिथे मुद्दाम रोख देते. पहाटेपासून दुकान उघडून बसलेल्या माणसाच्या कोथिंबिरीच्या जुडीतून मला माझे दोन सेंट नको आहेत.

वर्षाला मिळणारे साडेचारशे-पावणेपाचशे डॉलर आम्ही मुलीच्या पुस्तकांसाठी बाजूला काढतो. रक्कम लहान नाही. पण मला त्याहून मोलाची वाटते ती या कार्डाने दिलेली मोकळीक. कोणत्या दुकानात कोणतं कार्ड, या तिमाहीत काय चालू करायचं, असले प्रश्न डोक्यात राहिले नाहीत. ते लक्ष आता जिथे हवं तिथे, म्हणजे महिन्याचं बिल वाचण्याकडे जातं. एकदा न केलेल्या खरेदीची नोंद दिसली ती अशा वाचण्यातूनच. त्याच दिवशी फोन केला आणि ती रक्कम बिलातून निघाली.

माझा भाचा यंदा एमएस करायला आला आहे. त्याने विचारलं, मावशी, सगळ्यांत जास्त कॅशबॅक कोणत्या कार्डावर? मी त्याला म्हटलं, आधी फी नसलेलं एखादं विद्यार्थ्यांचं कार्ड घे, नाहीच मिळालं तर अनामत ठेवून मिळतं ते घे, आणि पहिल्या बिलापासून पूर्ण रकमेचा ऑटोपे लाव. एक-दोन वर्षांत पत तयार झाली की दोन टक्क्यांचं कार्ड आपणहून मिळेल. तोवर त्याचा फोन आला की मी अभ्यासाची चौकशी करते, जेवणाची करते, आणि या महिन्याचं बिल पूर्ण गेलं का, हेही विचारते.