आकडा लाखांचा, काम शिवारातलं

पाथर्डीला माझं मोबाईल विक्रीचं आणि दुरुस्तीचं दुकान आहे. पूर्वी गिऱ्हाईक बॅटरी आणि कॅमेरा विचारायचं. आता कॉलेजची पोरं पायरी चढता चढताच विचारतात, "दादा, याचा अन्टुटू किती?" ही सवय जाहिरातींनी लावली. पंधरा हजारांच्या आतल्या फोनच्या जाहिरातीतही किमतीशेजारी चार लाख, पाच लाख असा आकडा ठळक छापलेला असतो. पोरं तो पाठ करून येतात. सोबत बाप असतो, पैसे त्याच्या खिशातून जायचे असतात. तो एवढंच विचारतो, "पीक पाहणी होईल ना यावर?"

बापाचा प्रश्न मला जास्त नेमका वाटतो. पण पोराचा प्रश्नही टाकाऊ नाही, आणि दोन्ही प्रश्न एकाच फोनबद्दल असले तरी त्यांची उत्तरं वेगवेगळ्या ठिकाणी सापडतात, हे मी या धंद्यात पाहिलं आहे.

आधी तो आकडा येतो कुठून ते सांगतो. अन्टुटू हे चिनी कंपनीचं ॲप आहे. ते फोनला काही मिनिटं जोरात राबवतं: गणितं करायला लावतं, खेळासारखी चित्रं पळवतं, मेमरीत लिहायला-वाचायला लावतं, स्क्रीन सरकवून बघतं. या चार कामांचे गुण मिळून एक बेरीज होते. कॅनडातल्या प्रायमेट लॅब्जचं गीकबेंच जरा निराळं. ते प्रोसेसरच्या एका कोअरचे गुण वेगळे देतं आणि सगळ्या कोअरचे मिळून वेगळे देतं. गिऱ्हाइकाला मी नेहमी सांगतो, बेरीज सोडा, त्याखालचे तुकडे वाचा. बेरजेत ग्राफिक्सचा वाटा बराच मोठा असतो. ज्याला गेम खेळायचा नाही, त्याला त्या वाट्याचा उपयोग जवळजवळ शून्य. रोजच्या वापरात ॲप चटकन उघडतं ते एका कोअरच्या गतीवर आणि स्टोरेजवर.

स्टोरेजचं तर मी छातीठोकपणे सांगतो. स्वस्त फोनमध्ये ईएमएमसी जातीचं स्टोरेज असतं. ते एका वेळी एक तर वाचतं, नाही तर लिहितं. यूएफएस जातीचं दोन्ही एकदम करतं आणि वेगही कितीतरी जास्त. माझ्याकडे "फोन हँग मारतोय" म्हणून जे फोन येतात, त्यांतले बरेचसे प्रोसेसरमुळे अडलेले नसतात. स्टोरेज गच्च भरलेलं असतं. व्हॉट्सॲपवरचे सुप्रभातचे फोटो, कीर्तनाचे व्हिडिओ, लग्नाची शूटिंग, सगळं आतच. ते साफ केलं की चार वर्षांचा जुना फोनही माणसात येतो. पैसे घ्यावेत असं ते काम नाही, मी घेतही नाही.

आता शिवारातलं सांगतो. 15 ऑगस्ट 2021 ला राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. तेव्हा महसूल खातं आमच्याच अहिल्यानगर जिल्ह्यातल्या संगमनेरच्या बाळासाहेब थोरातांकडे होतं. पूर्वी पिकाची नोंद तलाठी करायचा, आता ज्याचं पीक त्याने बांधावर जाऊन फोटोसकट ती करायची. पुढे नियम आणखी कडक झाला. फोटो आपल्या गटाच्या 50 मीटरच्या आतूनच काढलेला पाहिजे. म्हणजे शेतकऱ्याच्या फोनचं सगळ्यात महत्त्वाचं काम ठरलं, मी नेमका कुठे उभा आहे ते बिनचूक सांगणं.

माणिकदौंडीच्या बाजूला गर्भगिरीच्या डोंगरांच्या कुशीत माझ्या मामांची तूर होती. मामेभावाने नुकताच गेमिंगचा फोन घेतलेला, आकडा सात लाखांच्या वर. माझा फोन जुना, त्याच्या निम्म्यालाही न पोहोचणारा. मामा म्हणाले, "दोघं आलाच आहात तर नोंद करून टाका." मामेभावाने फोन काढला. ॲप झटक्यात उघडलं, फॉर्मही सरसर पुढे सरकला आणि लोकेशनवर येऊन थांबला. रेंज नव्हती. तो फोन डोक्यावर धरून बांधावरून फिरू लागला. माझ्या फोनवर ॲप सावकाश उघडलं, पण लोकेशन लगेच लागलं.

मामा खूश झाले, "बघ, जुनं ते सोनं." मी त्यांना तिथेच सांगितलं की हे जुन्या फोनचं कौतुक नाही. उपग्रह स्वतःच्या जागेची माहिती फार हळू पाठवतो, सेकंदाला फक्त 50 बिट. एका उपग्रहाची कामापुरती माहिती उतरून घ्यायलाच साधारण 30 सेकंद लागतात, मधेच डोंगर किंवा झाड आडवं आलं की परत पहिल्यापासून. रेंज असेल तेव्हा फोन ही माहिती नेटवरून घेतो, म्हणून गावात लोकेशन पटकन लागतं. माझ्या फोनवर मी येताना पाथर्डीपासून मॅप चालू ठेवला होता, म्हणून त्याच्याकडे ती माहिती आधीच होती. मामेभावाचा फोन रिकाम्या हाताने आला होता. जगातला सगळ्यात वेगवान प्रोसेसर लावला तरी आकाशातून सेकंदाला 50 बिटच येणार. थोड्या वेळाने त्याच्याही फोनवर लोकेशन लागलं. तेव्हापासून मी प्रत्येक शेतकऱ्याला सांगतो, घरून निघतानाच, रेंजमध्ये असताना, मॅप उघडून ठेवा.

त्याच बांधावर आणखी एक गोष्ट दिसली. उन्हात मामेभावाच्या फोनचा स्क्रीन नीट वाचता येत नव्हता. गट नंबर बरोबर निवडला की नाही हे बघायला मामांनी डोक्यावरचा टॉवेल फोनवर धरला. फोन तापला की तो स्वतःहून स्क्रीनचा उजेड कमी करतो आणि प्रोसेसरही सावकाश चालवतो. अन्टुटूच्या बेरजेत ना उन्हातला स्क्रीन मोजलेला असतो, ना रेंज पकडायची ताकद, ना लोकेशनचा बिनचूकपणा. डोंगरात लांबवर पोहोचते ती 850 मेगाहर्ट्झसारखी खालची लहर, 2300 ची लहर तेवढी लांब जात नाही. आपल्या भागात कोणत्या कंपनीची कोणती लहर येते आणि फोन ती पकडतो का, हे लाखांच्या आकड्यापेक्षा शंभर पटींनी कामाचं आहे. पण ते विचारत कोणी नाही.

तापण्याचं अजून थोडं बोलायला हवं. माझ्या दुकानाला पत्र्याचं छत आहे. मे महिन्यात आमच्या जिल्ह्यात पारा चाळिशी ओलांडतो, दुपारी दुकानात बसवत नाही. तेव्हा मी हौसेने फोनची चाचणी लागोपाठ चालवून बघतो. पहिल्यांदा येतो तो जाहिरातीतला आकडा. मग पाठ गरम होते, आणि काही फोनमध्ये तो आकडा लाखभराने खाली येतो. दुसरे काही फोन हळूहळू थोडेच उतरतात. मला विचाराल तर हा दुसरा प्रकार चांगला, पहिला आकडा लहान असला तरी. ॲपलसारखी कंपनी आपला आयफोन 0 ते 35 अंशांत वापरा असं लिहून देते. आपल्याकडे उन्हाळ्यात सावलीतसुद्धा 35 च्या वर असतं. एसीच्या खोलीतल्या चाचणीवरून आमच्या दुपारचा अंदाज कसा बांधणार?

शिवाय आकडा फुगवताही येतो. 2013 मध्ये सॅमसंगचे काही फोन चाचणीचं ॲप ओळखून तेवढ्यापुरता वेग वाढवतात हे उघड झालं. 2018 मध्ये हुआवेच्या फोनांबाबत तेच दिसलं. 2022 मध्ये उलटा प्रकार निघाला. सॅमसंगच्या फोनमधली एक सोय रोजच्या ॲपांचा वेग आवरत होती, पण चाचणीच्या ॲपांना हात लावत नव्हती. गीकबेंचने त्या फोनांचे गुण आपल्या तक्त्यातून काढून टाकले. त्यात अन्टुटूची आवृत्ती बदलली की तोच फोन वेगळा आकडा दाखवतो, त्यामुळे गेल्या वर्षीच्या आकड्याशी या वर्षीचा ताडून बघण्यातही अर्थ उरत नाही.

एवढं ऐकून कोणी म्हणेल, मग आकडा केराच्या टोपलीत टाका. तसं मी म्हणणार नाही, आणि याचं कारण अंगणवाडीच्या ताई.

2019 मध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांना कामासाठी सरकारी स्मार्टफोन मिळाले. 2 जीबी रॅमचे. सुरुवातीला कामाचं ॲप त्यावर कसंबसं चालायचं. मार्च 2021 पासून पोषण ट्रॅकर आलं. मुलांचं वजन-उंची, गरोदर मातांची नोंद, आहार, हजेरी, सगळं त्यात. माझ्याकडे त्या ताई फोन घेऊन यायच्या. एक मावशी मला आठवतात, निवृत्तीला आलेल्या. फोन काउंटरवर ठेवून म्हणाल्या, "बाळा, वीस पोरांची वजनं भरायला बसले की दुपार जाते. एक नाव भरलं की हा बंद पडतो." मी फोन उघडून बघितला. आत काही बिघडलेलं नव्हतं. ॲप मोठं होत गेलं होतं आणि फोन तेवढाच राहिला होता. रॅम सिस्टिमनेच खाल्लेली, स्टोरेज भरलेलं. फॉर्म भरताना मधे फोटो काढायला कॅमेरा उघडला की मेमरी पुरायची नाही, ॲप मागच्या मागे बंद व्हायचं आणि भरलेलं सगळं जायचं. यावर दुकानदार काय करणार? मी नको ती ॲपं काढून दिली, त्यांचं काम तेवढ्यापुरतं पुढे सरकलं.

ऑगस्ट 2021 मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी ते फोन परत केले. फेब्रुवारी 2023 च्या संपातही चांगल्या फोनची मागणी होती. त्या बायका खेळण्यासाठी फोन मागत नव्हत्या. ज्या पोराचं वजन कमी भरतंय त्याची नोंद वेळेवर जावी, एवढ्यासाठी भांडत होत्या, आणि अनेकींनी स्वतःच्या मानधनातून घेतलेल्या फोनवर ते काम केलं. मला याचा आजही संताप येतो.

आकड्याचा खरा उपयोग अशा ठिकाणी आहे. एका पातळीच्या खाली फोन गेला की रोजचं कामच होत नाही, आणि ती पातळी चाचणी अगदी स्पष्ट दाखवते. त्या पातळीच्या वर गेलं की चार लाख आणि आठ लाख यांतला फरक पीक पाहणीत, यूपीआयमध्ये, सातबारा काढण्यात जाणवत नाही. तिथे सर्व्हर, रेंज आणि स्टोरेज बोलतं. गेम खेळणाऱ्याला किंवा व्हिडिओ एडिट करणाऱ्याला तो फरक जाणवतो, त्याने जरूर बघावा.

दिवाळीच्या आसपास आमच्या तालुक्यातली ऊसतोडणीची जोडपी कारखान्यांवर निघतात. जाण्याआधी बरेच जण दुकानात येतात. पोरं आजी-आजोबांजवळ ठेवून जायची असतात, एक फोन गावात, एक बरोबर. त्यांना मी कधी आकडा सांगत नाही. कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीत, रोज लाईट मिळेलच असं नाही, म्हणून बॅटरी मोठी देतो. आजीला कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकर मोठा वाजवून दाखवतो. रॅम 6 जीबीच्या खाली नको म्हणतो, नाही तर दोन वर्षांनी व्हिडिओ कॉल अडखळायला लागतो.

तुम्हीही फोन घ्यायला जाल तेव्हा दुकानदाराला सांगून तो दुपारच्या उन्हात रस्त्यावर न्या, स्क्रीन वाचता येतो का बघा, फोन लावून बोला. स्टोरेज यूएफएस आहे का विचारा. आणि जे अधिकारी अंगणवाडी सेविकांसाठी हजारोंनी फोन खरेदी करतात त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. निविदा काढण्याआधी त्यातला एक फोन माणिकदौंडीसारख्या गावात पाठवा, तिथल्या सेविकेला त्यावर महिनाभर रोजची नोंद करू द्या, आणि ती होकार देईल तोच फोन घ्या.