फेसाचा हिशेब

मराठी साहित्यात फेसाला फारशी प्रतिष्ठा नाही. फेस लाटेवर येतो आणि विरतो, दमलेल्याच्या तोंडाला येतो, आणि क्षणभंगुरतेला उपमा हवी झाली की कवी बुडबुड्याकडे वळतात. परंतु फेसालाही चोख हिशेब असतो आणि दाब, तापमान, नळीची लांबी ही त्या हिशेबाची तीन खाती असतात, हे आम्हांला अलीकडे एका माजी विद्यार्थ्याच्या लेखाने शिकवले.

आम्ही दोघे मराठीचे अध्यापक. एक पेणला शिकवतो, दुसरा रोह्याला. हा विद्यार्थी आधी रोह्याच्या आणि मग पेणच्या वर्गात आमच्यासमोर बसला, रसायनशास्त्राकडे वळला, धाटावच्या औद्योगिक वसाहतीत काही वर्षे काढून अमेरिकेस गेला. तेथे तो हौसेने घरी बीअर करतो. मध्यंतरी त्याने या छंदावर मराठीत एक लेख लिहिला आणि 'सर, भाषा तपासून द्या' म्हणून आमच्याकडे पाठवला. आम्ही लाल पेन घेऊन बसलो खरे. पण पहिली दोन पाने आम्ही केवळ विद्यार्थी म्हणून वाचली.

त्याची अडचण साधी होती. सुमारे १९ लिटरचे पोलादी पिंप, एका बाजूने कार्बन डायऑक्साइड आत जाण्याची वाट, दुसरीकडून तळापर्यंत गेलेली नळी, आणि शेवटी तोटी. एके काळी अशी पिंपे शीतपेयांच्या पाकासाठी वापरली जात. पुढे घरगुती बीअर करणाऱ्यांनी ती आपलीशी केली. याच्या तोटीतून मात्र पेला भरून फेसच येई. फेस बसेपर्यंत वाट पाहावी, तर खाली उरणारी बीअर निर्जीव.

नवशिका अशा वेळी दाब कमी करतो. तो उपाय नव्हे. वायू द्रवात किती विरघळून राहील हे त्यावरील दाबाच्या प्रमाणात ठरते, असे विल्यम हेन्री या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८०३ साली दाखवून दिले. द्रव जितका थंड, तितका वायू त्यात अधिक राहतो. दाब उतरवला की वायू नळीतच सुटू लागतो. फेस तसाच राहतो आणि चार दिवसांनी सारे पिंप मिळमिळीत होते. मग करायचे काय? आमच्या विद्यार्थ्याने लक्षणे वेगळी केली. पहिलाच पेला फेसाचा आणि पुढचे नीट, तर तोटी गरम आहे. तिच्यापर्यंत गारवा पोहोचवावा. नळीत पिंपाजवळच बुडबुडे दिसत असतील, तर आतल्या नळीवरचे रबरी वायसर गेले आहे. प्रत्येक पेला फेसाचा, तर एक तर वायू जास्त भरला गेला आहे किंवा नळी आखूड आहे. बीअर उलट निर्जीव येत असेल, तर कोठेतरी गळती आहे. सांध्यांना साबणाचे पाणी लावावे, बुडबुडा येईल तेथे दोष. (गॅसच्या शेगडीची नळी आपण याच रीतीने तपासतो आणि पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून हेच पाहतो.)

त्याच्या घरी दोन दोष एकत्र नांदत होते. वायू प्रमाणाबाहेर भरला गेला होता आणि नळी जेमतेम एक मीटरची होती. त्याने वायूचा पुरवठा बंद केला, दिवसातून तीनचार वेळा झडप उचलून वायू सोडला, आणि नळी बदलून आतून पाच मिलिमीटर रुंदीची, तीन मीटर लांबीची घातली. तिचे वेटोळे शीतकपाटातच ठेवले. मग तापमान तीन अंश सेल्सिअसच्या आसपास आणि दाब चौरस इंचाला बारा पौंड असा स्थिर केला. लांब नळीत घर्षणाने दाब हळूहळू खर्ची पडतो. तोटीशी येईतो द्रव शांत झालेला असतो. तोटी अर्धवट न उघडता एकदम पूर्ण उघडायची, कारण चिंचोळ्या फटीतून द्रव घुसळला जातो. पेल्यावर दोन बोटे फेस राहिला. त्याचे वाक्य असे होते: 'वायूला बाहेर पडायचेच असते, त्याला घाईने पडू द्यायचे नाही, एवढेच आपल्या हाती.' या वाक्याखाली आम्ही काही खुणा केल्या नाहीत.

खूण करावी लागली ती लेखाच्या पहिल्याच ओळीत. तेथे त्याने जागा कोरी सोडली होती: 'मी घरी बीअर ______.' समासात प्रश्न होता, 'क्रियापद कोणते घालू?'

आम्ही एकेक शब्द लावून पाहिला. 'गाळली'? गाळणे म्हणजे भट्टी लावून अर्क काढणे. बीअर आंबते, गाळली जात नाही. शिवाय 'गाळणे' या क्रियापदामागे पोलीस उभे असतात. वर्तमानपत्रात ते 'गावठी' आणि 'छापा' या शब्दांच्या मधोमध येते. 'पाडली' म्हणावे, तर तेही हातभट्टीचेच. 'बनवली' कोणत्याही वस्तूला चालते, म्हणून कोणत्याच वस्तूचे नसते. लोणचे घालतात, विरजण लावतात, पापड लाटतात. घरात करायच्या प्रत्येक जिनसेला मराठीने तिचे क्रियापद दिले आहे. पेणच्या पोह्याच्या पापडाची कृती आपण कौतुकाने छापतो. आंबवलेल्या पेयाच्या कृतीला मात्र आमच्या भाषेत सभ्य क्रियापद सापडेना.

हे असे का व्हावे? पेण-रोह्याकडे आंबवणे अपरिचित होते असे मुळीच नाही. माडाची न उमललेली पोय बांधून, हलके ठोकून, तिचे टोक रोज छाटून रस मडक्यात धरायचा. मडक्याला आतून चुना लावला तर रस गोड राहतो, ती नीरा. न लावता उन्हे वर येऊ दिली तर तो फसफसू लागतो, ती माडी. तिला घट्ट बूच मारले तर बाटली फुटते. हेन्रीचा नियम ज्याने वाचलेला नाही त्या माडावर चढणाऱ्यालाही दाब आणि उष्णता यांचा हिशेब हाताने ठाऊक असतो.

या ज्ञानाची भाषा हळूहळू दप्तरात गेली. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने झाड छेदणे परवान्याखाली आणले. १८९२ च्या मोहवा कायद्याने ठाणे आणि कुलाबा या जिल्ह्यांत मोहाच्या फुलांवरच निर्बंध घातले. पेण आणि रोहे हे तेव्हाच्या कुलाब्यातलेच तालुके. जिल्ह्याला रायगड हे नाव १९८१ साली मिळाले. पुढे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. त्यानुसार आजही परवान्यावाचून घरी बीअर करणे हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने प्रौढ माणसाला स्वतःच्या घरापुरती वर्षाला शंभर गॅलन बीअर करण्यास केंद्रीय करातून सूट मिळाली.

आम्ही मद्याची तरफदारी करीत नाही. जून २०१५ मध्ये मालवणीत मिथेनॉलयुक्त दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. व्यसनाने बसलेली घरे आमच्या विद्यार्थ्यांच्या निबंधांतून आम्हांला दर वर्षी भेटतात. 'एकच प्याला' आम्ही शिकवतो आणि मनापासून शिकवतो. परंतु त्या नाटकात पिणारा आहे, त्याची पत्नी आहे, विनाश आहे; पेल्यातली वस्तू कोणी केली हा त्या नाटकाचा प्रश्नच नाही. आम्ही शिकवलेल्या अभ्यासक्रमांत मद्य हे नेहमी परिणाम म्हणून आले, कृती म्हणून नव्हे. वर्गात 'माडी' हा शब्द आला की आम्ही 'वरचा मजला' असा अर्थ सांगतो. मागच्या बाकांवर कोणीतरी हसते, आणि आम्ही पुढच्या ओळीकडे जातो.

लेखाच्या शेवटच्या परिच्छेदात आमच्या विद्यार्थ्याने लिहिले होते की त्याचे आजोबा माडावर चढत. शाळेच्या अर्जावर घरचा व्यवसाय लिहायची वेळ आली की घरातून सांगितले जाई, 'शेती लिही.' तो तसेच लिही. पिंप, तोटी, झडप, गळती हे सारे शब्द त्याला मराठीत सुचले. अडला तो एका क्रियापदापाशी. तो का अडला हे तो परिच्छेद वाचल्यावर आम्हांला कळले.

आम्ही त्याला दोन शब्द सुचवले. पिंपात होते त्या क्रियेला 'आंबवणे': इडलीच्या पिठाला चालतो तो शब्द बीअरला का चालू नये? आणि तोटीतून पेल्यात घेण्याला 'काढणे'. दूध काढतात, माडीही काढतात. त्याने पहिल्या ओळीत 'आंबवली' घातले आणि फेसाच्या भागात 'काढताना' असे दुरुस्त केले. मग आम्ही न सुचवलेली एक दुरुस्ती त्याने स्वतः केली. आजोबांविषयीच्या वाक्यात 'माडावर चढत' एवढेच होते, तेथे आता 'माडी काढत' असे आहे.

माडी काढण्याच्या कामातले आणखी शब्द (पोयीच्या बांधणीचे, मडक्यांच्या प्रकारांचे, रसाच्या अवस्थांचे) कोणा वाचकाच्या घरी अजून बोलले जात असतील, तर ते आम्हांला अवश्य कळवावेत. आम्ही ते टिपून ठेवीत आहोत.