सहा इंच

दोन वर्षांपूर्वी, पाऊस लागायच्या आधी, मी माझ्याच घरातली एक पायरी फोडली. सहा इंच उंच, अडीच फूट रुंद, वर कोटा फरशी. छिन्नी-हातोडा भाच्याच्या हातात होता, कारण माझे गुडघे आता उकिडवं बसू देत नाहीत. मी दारात स्टूल टाकून बसलो होतो. ती पायरी 2014 साली मीच बांधली होती, आईसाठी. फोडली तेव्हा तिला जाऊन चार महिने झाले होते.

आमचं घर अवधपुरीत. मागच्या बाजूला स्वयंपाकघराला लागून सात बाय पाचची एक जागा आहे. भोपाळमध्ये तिला सगळे वॉश एरिया म्हणतात. आई शेवटपर्यंत मोरीच म्हणायची. भांडी, धुणं, मशीन, सगळं तिथे. संडास होता जिन्याखाली, देशी बैठकीचा. आईचे गुडघे गेले, बसली की उठता येईना, तेव्हा मोरीचा एक कोपरा भिंत घालून वेगळा करायचा आणि तिथे कमोड बसवायचा असं ठरलं. "भांड्यांच्या शेजारी संडास?" एवढं एकदा म्हणाली. भिंत पूर्ण छतापर्यंत नेली, दार बाहेरच्या बाजूला काढलं, तेव्हा गप्प झाली.

अशी कामं मी आयुष्यात शंभरावर केली असतील. ऐंशी-नव्वदच्या दशकात बांधलेल्या घरांतली माणसं आता सत्तरीला आली. वरच्या मजल्यावरचा संडास त्यांना लांब पडतो, जिन्याखालचा बसायला जड जातो. मागची मोरी तेवढी मोकळी असते. भिंती, टाइल्स, कमोड यांत काही कसब नाही. कसब आहे ते ढाळात. मोरी घराच्या मागे, मैल्याची टाकी किंवा चेंबर पुढे रस्त्याकडे. मधलं सगळं अंतर पाइपनं उतरत उतरत जायचं असतं, आणि उतरायला उंची लागते.

बाबा 1962 मध्ये अचलपूरहून इथे आले. हेवी इलेक्ट्रिकल्स कंपनी 1956 मध्ये स्थापन झाली, त्याच वर्षी भोपाळ राजधानी झालं, आणि पिपलानी-बरखेड्याच्या वसाहती उभ्या राहत होत्या. बाबा त्या वसाहतीच्या नळखात्यात लागले. बिडाचा पाइप, सॉकेटात सुतळी ठोकायची, वितळलेलं शिसं ओतायचं, थंड झालं की पुन्हा ठोकायचं. त्या जोडाला ते कधी घाई करत नसत. मला शिकवताना त्यांनी एकच पाढा दिला: चार इंचीला चाळीसात एक, सहा इंचीला साठात एक, नऊ इंचीला नव्वदात एक. चाळीस इंच पुढे गेलास तर एक इंच खाली ये. कमी उतरलास तर मैला बसतो. फार उतरलास तरी बसतो, कारण पाणी पुढे पळून जातं आणि घन मागे राहतं. हे त्यांनी मला पन्हाळीत भाताचं शीत टाकून, तांब्यानं पाणी ओतून दाखवलं होतं. मी दहा वर्षांचा होतो. आजही ढाळ म्हटलं की मला ते शीत दिसतं.

आमच्या घराचं गणित असं होतं. मोरीपासून पुढच्या टाकीपर्यंत बाजूच्या गल्लीतून बेचाळीस फूट. टाकीच्या तोंडाचा तळ मोरीच्या फरशीपेक्षा अठरा इंच खाली. चाळीसात एक धरला तर बेचाळीस फुटांत साडेबारा इंच जातात, उरले साडेपाच. फरशीतून खाली उतरणाऱ्या एस ट्रॅपला बेंडसकट साडेअकरा तरी हवेत. सहा इंच कमी पडले. टाकी खाली नेता येत नाही, अंतर कमी होत नाही. मग फरशी वर घ्यायची. सगळेच मिस्त्री घेतात. मी घेतली.

पाइप असा टाकला की तसा मी कुणाच्याही घरी टाकला नव्हता. आपली माती काळी. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पहिल्या दोन पावसांत ती फुगून पाइप उचलते. म्हणून खाली मुरूम भरला, कुटला, वर चुरी पसरली. नव्वदचा बेंड एकही नाही, वळणावर पंचेचाळीसचे दोन दोन. शेवटाला व्हेंट, म्हणजे हवेचा पाइप, गच्चीच्या वर तीन फूट काढलेला. व्हेंट न काढता काम उरकणारे या शहरात कितीतरी आहेत. कमोडचं पाणी सोडलं की शेजारच्या नहाणीचा ट्रॅप गुडगुडतो, त्याच्यातलं पाणी ओढलं जातं आणि घरात वास येतो. मग गिऱ्हाईक फिनाईल ओतत बसतं. ट्रॅपमधलं ते दोन इंच पाणी हेच घर आणि गटार यांच्यामधलं दार आहे. 1775 मध्ये ते वाकडं नळकांडं पेटंट करणारा अलेक्झांडर कमिंग हा मूळचा घड्याळजी होता. हे वाचलं तेव्हा मला आनंद झाला होता. मापाची चाड असलेल्या माणसाचंच ते काम.

आणखी वाईट मिस्त्री आहेत. मोरीचा अडीच-तीन इंची सांडपाण्याचा पाइप आयता असतो, त्यालाच कमोड जोडून मोकळे होतात. किंवा थेट मागच्या नाल्यात. हे शहर तळ्यांचं. मोठ्या तळ्याचं पाणी आपण पितो, 2002 साली त्याला रामसरच्या यादीत जागा मिळाली, आणि एक माणूस बाराशे रुपये वाचवायला कुणाचा तरी मैला नाल्यात सोडतो. अशा माणसांशी मी बोलत नाही. त्यांनी जोडलेलं काम दुरुस्त करायलाही जात नाही; उखडून नव्यानं करायचं असेल तर जातो. यामुळे माझं गिऱ्हाईक कमी झालं, पण ते मला चालतं.

तर पाइप उत्तम झाला. पायरीही नीट केली, कड गोल, बाजूला स्टीलचा दांडा. आईला हाताला धरून दाखवलं. ती चढली, उतरली, "छान आहे" म्हणाली. आल्यागेल्याला मी ते काम दाखवायचो. गल्लीत कुठेही पाइप दिसत नाही, फरशीत सगळं गडप, आणि बेचाळीस फुटांत एका सुताचा फरक नाही, असं सांगायचो. हे सांगताना माझा आवाज कसा होत असेल ते मला आज कळतं.

तीन वर्षांनी आईला लघवीची जळजळ सुरू झाली. औषध झालं, बरं वाटलं. मग पुन्हा. डॉक्टरांनी विचारलं, पाणी पिता ना? ती हो म्हणाली. माझ्या बायकोनं मला बाहेर बोलावून सांगितलं, "त्या संध्याकाळी सहानंतर पाणीच पीत नाहीत." तिच्या उशाशी रात्री तांब्या-भांडं ठेवलेलं असायचं आणि सकाळी तो तांब्या तसाच भरलेला असायचा. घरातल्या सगळ्यांनी पाहिला होता, मीही. मे महिन्यातसुद्धा भरलेला. रात्री उठावं लागू नये म्हणून ती तहान मारत होती. अंधारात ती पायरी तिला चढवत नव्हती. दिवसा, माझ्यादेखत, दांडा धरून चढायची. रात्री पाय किती उचलायचा ते समजायचं नाही.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू एवढं मन लावून केलंस रे."

मग मी बसून सगळं पुन्हा मांडलं. दुसरा रस्ता होता. पी ट्रॅपचा कमोड: त्याचं तोंड फरशीच्या वर सात इंचांवर मागे निघतं, भिंतीतून आरपार. फरशी उचलायची गरजच पडत नाही. मला हे 2014 मध्येही माहीत होतं. शिकाऊ पोरालाही माहीत असतं. मी तेव्हा म्हणालो होतो की पाइप मागच्या अंगणात नेमका तुळशीवृंदावनासमोर निघेल, आईला ते आवडणार नाही. आईला मी विचारलं नव्हतं. खरं हे की मलाच तो पांढरा बेंड भिंतीतून आलेला बघवला नसता. नळवाल्याच्या घरात मैल्याचा पाइप उघडा दिसतो, असं कुणी म्हणू नये, एवढंच मला हवं होतं. हे तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग तुळस सरकवायची होती."

लगेच फोडायला हवं होतं. ती म्हणायची, राहू दे, आता या वयात घरात धूळ नको. मी ऐकलं. रात्री मी किंवा बायको उठून सोबत जायचो. तांब्या अर्धा रिकामा होऊ लागला. पूर्ण रिकामा मला कधी दिसला नाही.

पायरी फुटल्यावर भाच्यानं गल्लीही उघडली, कारण मला पाइप बघायचा होता. भाचा पांढुर्ण्याचा, चार वर्षं माझ्याकडे शिकतोय. त्याच्याकडे लेझर आहे, माझ्याकडे बाबांची पाणसळ आणि पाण्यानं भरलेली नळी. मी त्याला नळीच लावायला सांगितली. त्यानं टोकापासून मापं घेत घेत हाका मारल्या आणि मी वहीत लिहीत गेलो. मधल्या दहा फुटांवर मी त्याला पुन्हा मोजायला लावलं. तिथे तीन इंच ढाळ हवा होता; दोन भरला. मुरूम भरूनही काळ्या मातीनं नऊ पावसाळ्यांत पाइप उचलला होता. म्हणजे त्या दहा फुटांत चाळीसात एक राहिलाच नव्हता, साठात एक झाला होता. आणि ती लाइन नऊ वर्षांत एकदाही तुंबली नव्हती.

मी वहीत तिथेच गुणाकार केला. सगळा पाइप साठात एक टाकला असता तर बेचाळीस फुटांत साडेआठ इंच गेले असते. कमी पडले असते दोन इंच. दोन इंचांना पायरी लागत नाही. दारापासून हलका उतार देता येतो, पाय न उचलता चालत जाता येतं.

हे बाबांना सांगता येत नाही. ते असते तर म्हणाले असते की तेव्हाच्या फ्लशच्या टाक्या दहा-बारा लिटर पाणी सोडायच्या, म्हणून साठात एक चालून गेला. आता सहा आणि तीन लिटरच्या टाक्या आल्या, त्यात चालेल का? आमच्या घरची टाकी जुनीच, दहा लिटरची होती. म्हणजे त्यांचं बरोबर असू शकतं. मी यावर अजून अडकलो आहे. रात्री जाग आली की शीत डोळ्यांपुढे येतं, आणि तांब्या. एका ठिकाणी मी सहा लिटरच्या टाकीवर पन्नासात एक देऊन बघितलं. लाइनच्या वरच्या टोकाला मशीनचं पाणी ट्रॅपमधून सोडलं, म्हणजे रोजच्या धुण्याच्या लोंढ्यात पाइप धुऊन निघेल. दीड वर्ष झालं, तक्रार नाही. पण साबणाचं एवढं पाणी मैल्याच्या टाकीत नेणं मला पटत नाही, टाकीतलं बसलेलं सगळं ढवळून निघतं. तिथे चेंबर थेट महापालिकेच्या लाइनला होतं म्हणून केलं. टाकी असती तर केलं नसतं.

आमच्या मोरीत आता पी ट्रॅप आहे. फरशी सपाट. बेंड मागच्या भिंतीतून बाहेर आलेला दिसतो, रंग दिलेला नाही. तुळस दोन हात डावीकडे आहे.

कामावर गेलो की आता टेप काढायच्या आधी मी म्हाताऱ्या माणसाला पलंगावरून उठून मोरीपर्यंत चालून दाखवायला सांगतो, घरातले दिवे घालवून. घरच्यांना ते विचित्र वाटतं. परवा साकेत नगरात एक आजी चालल्या. उंबऱ्यापाशी त्यांनी आधी उजव्या पायाचा अंगठा पुढे करून फरशी चाचपली, मग टाच टेकली. उंबरा दिसायला जेमतेम दीड इंचाचा. मोरीत उंचीला अकरा इंच कमी पडत आहेत, अंतर पंचावन्न फूट, आणि मागची भिंत शेजाऱ्याशी सामाईक, त्यामुळे पी ट्रॅप तिकडून निघत नाही. बाजूच्या भिंतीतून काढला तर पाइप स्वयंपाकघराच्या खिडकीखालून उघडा जाईल. मुलाचं म्हणणं, दोन पायऱ्या करा, आई चढेल. मी नाही म्हणालो. सून म्हणाली, खिडकीखालून पाइप नको.

उद्या सकाळी नळी घेऊन पुन्हा जाणार आहे. उंबराही मोजायचा राहिला आहे.