मोहाचा रस्ता आणि मधुमेह

एप्रिलमध्ये आम्ही दोघं चामोर्शी, आष्टी करत रमतगमत आलापल्लीकडे निघतो. सकाळी मोहफुलं वेचणाऱ्या बायका दिसल्या, की ही गाडी थांबवायला लावते. फुलं चाखाच, मधुमेह असेल तर एक-दोनच, मनुक्यांसारखी गोड असतात.

गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, तरी मोहाची कुणी आग्रहाने पुढे करतं. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेत असाल तर नकोच म्हणा. यकृत दारू पचवण्यात गुंततं, नवी साखर बनवणं थंडावतं. रात्री साखर घसरते. घाम, बरळणं, गुंगी. सोबतच्याला वाटतं, चढलीय, झोपू दे. झोपू देऊ नका. बोट टोचून साखर तपासा. गिळता येत असेल तर लगेच साखरपाणी. शुद्ध नसेल तर तोंडात काही न घालता थेट दवाखाना. जंगलात तो लांब असतो, म्हणून ग्लुकोमीटर गाडीतच ठेवा.