कौटिल्य आणि मार्चअखेर

बदली ही रीत इंग्रजांनी आपल्याकडे आणली, अशी आम्हां परप्रांतस्थ नोकरदारांची समजूत असते. दर तीनचार वर्षांनी पेट्या बांधताना, मुलांचे शाळेचे दाखले काढताना, नव्या गावी मराठी माणसे कोठे राहतात याची चौकशी करताना आपण त्या रीतीच्या नावाने बोटे मोडतो. पण हा दोष एकट्या इंग्रजांच्या पदरी घालणे न्यायाचे होणार नाही. कोणत्याही खात्यावर एकाहून अधिक प्रमुख असावेत आणि त्यांपैकी कोणीही तेथे कायमचा नसावा, असा दंडक कौटिल्याने अर्थशास्त्रात घालून ठेवला आहे. पैसा हाताळणाऱ्याच्या मोहाविषयी त्याला कसलाही भ्रम नव्हता. मात्र त्याच अध्यायाच्या अखेरीस तो असेही सांगतो, की जे सेवक धन्याचे द्रव्य खात नाहीत आणि न्याय्य मार्गाने ते वाढवतात, त्यांना आपल्या जागी कायम करावे. दंडकाचा पूर्वार्ध सर्व नियमावल्यांत उतरला. उत्तरार्ध उतरलेला निदान आमच्या पाहण्यात नाही.

प्राचीन ग्रंथांचा असा अर्धाच भाग उचलण्याची हौस अलीकडे व्यापारी जगात फार वाढली आहे. चाणक्याचे नाव घेऊन कंपनी कशी चालवावी हे सांगणारी पुस्तके रेल्वेस्थानकांवरही मिळतात. अशा एका व्याख्यानाला सक्तीने बसण्याचा योग आम्हांला आला होता. मोठे उपाहारगृह, थंडगार दिवाणखाना, पडद्यावर शेंडी सोडलेल्या ब्राह्मणाचे चित्र, आणि साम, दाम, दंड, भेद यांचे प्रतिस्पर्धी कंपनीवर करावयाचे प्रयोग! प्रजेच्या सुखात राजाचे सुख असते, हे प्रसिद्ध वचनही शेवटी आलेच. टाळ्या झाल्या आणि मंडळी जेवायला उठली.

त्यानंतर काही महिन्यांनी, तेथल्या महाराष्ट्र मंडळाच्या कपाटात प्राध्यापक र. पं. कंगले यांनी सिद्ध केलेले अर्थशास्त्राचे तीन खंड आम्हांला सापडले. मुंबई विद्यापीठाने ते १९६० ते १९६५ या काळात प्रसिद्ध केले होते. म्हैसूरच्या ग्रंथालयात १९०५ साली शामशास्त्री यांच्या हाती या ग्रंथाची पोथी आली आणि १९०९ साली तो छापला गेला. तोवर शतकानुशतके तो जवळजवळ नावानेच उरला होता. त्याचा कर्ता म्हणजेच चंद्रगुप्त मौर्याचा अमात्य, असे परंपरा मानते. आजचे अनेक अभ्यासक मात्र ग्रंथ त्यानंतरचा ठरवतात. तो वाद पंडितांचा. आम्ही हिशेबखात्यातले, आम्ही प्रथम उघडले ते दुसरे अधिकरण, कारण त्यात खात्यांचा आणि हिशेबांचा विचार आहे.

आणि वाचकहो, तेथे आम्हांला आपली कचेरीच भेटली. कामाचे वर्ष ३५४ दिवसांचे, आणि ते संपायचे आषाढी पौर्णिमेला. त्या वेळी हिशेबनीस मोहोरबंद वह्या आणि शिल्लक घेऊन राजधानीत यायचे, आणि तपासणी होईपर्यंत त्यांना एकमेकांशी बोलू द्यायचे नाही! मार्चअखेरीस एकमेकांचे आकडे जुळवून घेणाऱ्या आमच्या काही स्नेह्यांना हा नियम फारच जाचक वाटेल. पुढे द्रव्यहरणाचे ४० प्रकार मोजले आहेत. त्यांत अगदी आरंभीच, उशिरा हाती येणारे उत्पन्न आधीच जमा दाखवणे हा प्रकार येतो.

तो वाचताच आमच्या डोळ्यांपुढे एक वर्ष उभे राहिले. आम्ही ज्या उद्योगसंस्थेत होतो तिचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. विभागावर नवे साहेब आले आणि त्यांनी विक्रीचे उद्दिष्ट दुप्पट केले. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात लहान लहान विक्रेत्यांच्या गुदामांत न मागितलेला माल उधारीवर उतरवण्यात आला. कागदोपत्री विक्री दुप्पट झाली. साहेबांचा सत्कार झाला. ते व्याख्यानही त्याच आनंदाप्रीत्यर्थ होते. पावसाळ्यात विक्रेत्यांचे धनादेश परत येऊ लागले. जवळच्या कसब्यातला एक वृद्ध दुकानदार, ज्याच्या खात्यावर २२ वर्षांत एकही थकबाकी नव्हती, तो साहेबांच्या दाराबाहेरील बाकावर दोन दिवस येऊन बसला. शिपाई चिठ्ठी आत नेई आणि तशीच बाहेर आणी. माल परत घ्यावा असे टिपण आम्ही दोनदा पाठवले. दोन्ही वेळा त्यावर ‘पाहिले’ एवढाच शेरा येऊन ते परतले. दिवाळीपूर्वी त्या म्हाताऱ्याने दुकान विकले.

या प्रकरणाला काय नाव द्यावे, हे आम्हांला कौटिल्याने सांगितले. ठरलेले उत्पन्न जो घटवतो तो राजाचे धन खातो, हे कोणताही मालक सांगेल. पण जो ते दुप्पट करतो तो जनपद खातो, हे सांगायला कौटिल्यच हवा. असा अधिकारी जादा रक्कम घेऊन आला, तर त्याला शाल-नारळ देण्याऐवजी अपराध लहान असल्यास ताकीद द्यावी आणि मोठा असल्यास शिक्षा करावी, असे तो म्हणतो. दुप्पट आकड्यापुढे टाळी वाजवण्याआधी तो आकडा कोणाच्या घरातून आला, हे विचारणारा हा शास्त्रकार त्या पडद्यावर आम्हांला दिसला नव्हता.

दाराबाहेरच्या बाकाचाही त्याने विचार केला आहे. पहिल्या अधिकरणात राजाची दिनचर्या आहे: दिवसाचे आठ भाग, रात्रीचे आठ. पहिल्या भागात रक्षणाची आणि जमाखर्चाची वार्ता ऐकायची, दुसऱ्यात नगरातल्या व गावांतल्या लोकांची कामे पाहायची. कामासाठी आलेल्यांना दारात ताटकळत ठेवायचे नाही. ज्या राजाचे दर्शन दुर्मिळ, त्याच्याकडून भोवतालची माणसे भलतेच काही करवून घेतात. आणि गंमत अशी, की प्रजेच्या सुखाचे ते प्रसिद्ध वचन याच अध्यायाच्या शेवटी येते. चौकटीत बसवून भिंतीवर टांगावे असा तो सुविचार नव्हे. तो वेळापत्रकाचा समारोप आहे. प्रजेचे सुख राजाच्या हृदयात किती आहे हे कौटिल्य विचारत नाही. त्याच्या दिवसात त्यासाठी किती घटका आहेत, एवढेच तो विचारतो.

या ग्रंथात विष आहे, हेर आहेत, अमात्यांना मोहात पाडून पारखण्याच्या युक्त्या आहेत. ते सारे आजच्या कारखान्यात आणावे असे कोणी शहाणा म्हणणार नाही. आणि कंपनी म्हणजे राज्य नव्हे, तिचा प्रमुख म्हणजे राजा नव्हे, हेही खरे. परंतु जनपद मात्र प्रत्येक संस्थेला असते. तिचे कामगार, तिचे लहान विक्रेते, तिला कच्चा माल पुरवणारे, हेच ते जनपद. आणि ते एका मार्चअखेरीत खाऊन टाकता येते.

म्हणून प्राचीन शहाणपण हवे असलेल्या अधिकाऱ्याला आमची विनंती आहे, की त्याने प्रथम सुभाषिते बाजूला ठेवावीत आणि आपली रोजनिशी उघडावी. तो वृद्ध आज हयात आहे की नाही, आम्हांला ठाऊक नाही. पण दाराबाहेरचे बाक अजून सर्व कचेऱ्यांत आहेत, आणि त्यांवर कोणीतरी चिठ्ठी आत पाठवून बसलेले आहे.