काठाचे झाड

अंबाजोगाईच्या आमच्या घराच्या ओसरीत एक झाड गेली वीस-बावीस वर्षे उभे आहे. 'उभे' हा शब्द इथे शब्दशः घ्यावा. त्याला फांदी नाही, डहाळी नाही, वाऱ्यावर हलण्याची सवय नाही. मातीतून थेट वर आलेली ताठ, जाड पाने. त्यांवर गडद-फिके आडवे पट्टे आणि दोन्ही कडांना हळदीच्या रंगाची बारीक किनार. रोपवाटिकेत त्याला 'स्नेक प्लांट' म्हणतात. इंग्रजीत 'सासूची जीभ' असेही त्याचे एक नाव आहे. ते मी आईला सांगितले तेव्हा ती पदर तोंडाला लावून कितीतरी वेळ हसत होती, कारण आजी तेव्हा आतल्याच खोलीत होती. आईने मात्र आपले वेगळे नाव ठेवले होते. त्या पिवळ्या किनारीवरून ती त्याला 'काठाचं झाड' म्हणे, आणि आमच्या घरात तेच नाव रूढ झाले.

यंदा एप्रिलमध्ये मी गेले तेव्हा त्या झाडाची दोन पाने भिंतीला टेकली होती. एकाला हात लावला, तर ते मुळापासून अलगद सुटून हातात आले. खालचे टोक तपकिरी, लिबलिबीत. आणि वास असा, की एकदा आला की विसरता येत नाही. अण्णा मागे उभे होते. म्हणाले, "उन्हाळा फार आहे गं बाई. मी तर रोज तांब्याभर घालतोय. दोन घालायला पाहिजेत का?"

आई जाऊन आता चार वर्षे होतील. तिच्या मागे अण्णांनी स्वयंपाक शिकून घेतला, औषधांच्या वेळा स्वतः सांभाळल्या, आणि संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी सगळ्या कुंड्यांना पाणी घालण्याचे तिचे कामही आपल्याकडे घेतले. तुळस, जास्वंद, गवती चहा आणि हे झाड, अशा क्रमाने. आई मात्र या झाडाला रोज पाणी घालत नसे. पंधरा दिवसांतून कधी आठवण झाली तर घाली. हे तिने कुणाला सांगितले नव्हते, कारण सांगण्याजोगे काही आहे असे तिला वाटले नसावे. अण्णांना तिचा क्रम ठाऊक होता. त्या क्रमातली ही गाळलेली जागा ठाऊक नव्हती.

पण सगळा दोष त्यांच्या तांब्याला देऊन मला मोकळे होता येत नाही. आईच्या हयातीत हे झाड तुपाच्या एका जुन्या पत्र्याच्या डब्यात होते. डब्याच्या बुडाला तिने खिळ्याने भोके पाडली होती, आणि पुढे गंजाने ती आणखी मोठी केली. आई गेल्यावर पहिल्याच दिवाळीत मी पुण्याहून चिनी मातीची एक निळी, देखणी कुंडी आणली आणि मोठ्या हौसेने झाड तीत हलवले. त्या कुंडीला भोक नव्हते. ओसरीच्या फरशीवर डाग पडणार नाहीत, हा तिचा गुण म्हणून दुकानदाराने सांगितला होता, आणि मलाही तो गुणच वाटला होता.

ज्या तालुक्यांत पाण्याची ही कथा, तिथे एखादे झाड पाण्याने मरावे याचे मला त्या दिवशी आधी हसू आले आणि मग आले नाही. 2016चा उन्हाळा या भागात कुणी विसरलेले नाही. केज तालुक्यातल्या धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले होते, आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. त्या वर्षी आमच्या ओसरीतली जास्वंद गेली, गवती चहा गेला. भाजी धुतलेले पाणी तुळशीला आणि भांड्यांचे पाणी मोरीतून पुन्हा बादलीत, असा हिशोब होता; त्या हिशोबात काठाच्या झाडाचे नावच नव्हते. ते तसेच राहिले. याचे कारण आता वाचून कळते. हे झाड दिवसा आपली रंध्रे मिटून घेते आणि रात्री उघडते, त्यामुळे उन्हात त्याचे पाणी फारसे उडून जात नाही. शिवाय पानांत आणि मातीखालच्या आडव्या, जाड खोडात ते साठवण करून ठेवते. दुष्काळासाठीच घडवलेली ही रचना आहे. सुकाळाला मात्र तिच्याकडे उत्तर नाही. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरून राहिल्या, की मुळांना हवा मिळत नाही, ती गुदमरतात आणि मग कुजू लागतात. गंमत अशी, की कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही, म्हणून वरची पाने सुकल्यासारखी दिसतात. आणि ती तशी दिसतात म्हणून माणूस आणखी पाणी घालतो.

(रोपवाटिकेत हल्ली हे झाड 'हवा शुद्ध करते' म्हणून विकतात. त्यामागे 1989चा 'नासा'चा एक अभ्यास आहे. पण तो बंदिस्त पेट्यांत केलेला होता. पुढे 2019मध्ये अशा प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा खऱ्या घरात दारे-खिडक्यांइतका परिणाम साधायचा तर दर चौरस मीटरला दहापासून हजारापर्यंत झाडे लागतील असा हिशोब निघाला. आमच्या ओसरीला तशीही एकच भिंत आहे.)

कुंडी उलटी केली तेव्हा माती पडली नाही. ती एकसंध गोळा होऊन आत चिकटून बसली होती. खुरप्याने कडा सोडवाव्या लागल्या. आमच्याच शेतातली ती काळी माती. अण्णांनी तीस वर्षे शाळेत भूगोल शिकवला. रेगूर मृदा, बेसाल्टच्या झिजेतून तयार झालेली, ओलावा दीर्घकाळ धरून ठेवणारी, भिजली की फुगणारी आणि वाळली की भेगाळणारी: हे त्यांनी किती वर्गांकडून पाठ करून घेतले असेल! त्या चिखलाच्या गोळ्याकडे पाहत ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "हे मला कळायला पाहिजे होतं." मी म्हणाले, "अण्णा, भोक नसलेली कुंडी मी आणली." त्यावर ते काही बोलले नाहीत.

नळाखाली गोळा धुऊन काढला, तेव्हा मातीखालचे खोड उघडे पडले. आल्याच्या कुड्यासारखे, केशरी रंगाचे ते असते. आमचे बहुतेक काळे पडले होते आणि बोटाने दाबले तर फुटत होते. सुरी तापवून एकेक भाग कापत गेले. दर कापानंतर आत केशरी दिसते का पाहायचे. नाही दिसले तर आणखी पुढे. शेवटी अंगठ्याएवढा एक तुकडा निरोगी उरला, त्यावर एक पान. बाकी पाच-सहा पानांचे वरचे भाग चांगले होते, पण त्यांना खोड नव्हते.

इथे एक अडचण होती, आणि ती अण्णांना सांगावी की नाही हे मला कळेना. नुसत्या पानाचे तुकडे मातीत रोवले, तरी या झाडाला मुळे फुटतात आणि कालांतराने नवा कोंबही येतो. पण त्या कोंबाला काठ नसतो. पिवळी किनार ही त्या पानातल्या पेशींच्या एका वेगळ्या थराची करणी आहे. पानाच्या तुकड्यातून फुटणारा कोंब आतल्या हिरव्या पेशींमधून येतो, आणि किनारीचा वारसा त्याच्यापर्यंत पोचत नाही. काठ हवा असेल तर खोडाचाच तुकडा जगला पाहिजे.

मी सांगितले. ते म्हणाले, "दोन्ही लाव."

हे झाड मूळचे पश्चिम आफ्रिकेतले. त्याची एक भारतीय बहीण आहे, आणि तिच्या पानांतून निघणाऱ्या चिवट धाग्याच्या पूर्वी दोऱ्या वळत. संस्कृतातली 'मूर्वा' ती हीच, असे अनेक वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. धनुष्याच्या दोरीला 'मौर्वी' म्हणतात ते या मूर्वेवरून. क्षत्रियाच्या मुंजीतली मेखलाही मनुस्मृतीने तिचीच सांगितली आहे. (आमच्याकडे काही जण मोरवेलीलाच मूर्वा म्हणतात, हा वाद जुना आहे.) धनुष्यांबरोबर ती दोरी गेली आणि नावही गेले, परत आले ते रोपवाटिकेतले इंग्रजी नाव. शास्त्रज्ञांनी तर अलीकडे 'सॅन्सेव्हिएरिया' हे कुळनाव मोडून या झाडाला 'ड्रॅसिना'त घातले आहे. आईचे नाव तेवढे बदललेले नाही.

कापलेले तुकडे सावलीत चार दिवस वाळत ठेवले, म्हणजे जखमेवर खपली धरते. पानाचा तुकडा उलटा रोवला तर त्याला मुळे फुटत नाहीत, असे मी सांगताच अण्णांनी पेन आणले आणि प्रत्येक तुकड्यावर खालच्या दिशेने बाण काढला. शिवाय क्रमांकही घातले. कुंभाराकडून भाजक्या मातीच्या दोन कुंड्या आणल्या. एक भाग काळी माती, एक भाग शेणखत, दोन भाग चाळलेला मुरूम आणि विटांचा चुरा. अण्णांनी कुंडी उचलून बुडाच्या भोकातून उजेड दिसतो का ते पाहिले.

अवघड काम पुढेच होते. मला निघायचे होते, आणि रोज संध्याकाळी तांब्या घेऊन येणाऱ्या माणसाला इथे थांबू नका असे सांगायचे होते. शेवटी एवढेच म्हणाले, की बोटाची दोन पेरे मातीत घालून पाहा, आणि कोरडी लागली तरच घाला. त्यांनी ते वहीत लिहून घेतले.

तेव्हापासून फोनवर औषधांच्या आधी त्याची खबर येते. "आज पाहिलं. ओली आहे. नाही घातलं." मेमध्ये तिसरा क्रमांक कुजला. जूनमध्ये पाचवा ओढून पाहिला तर हलेना, म्हणजे मूळ धरले असावे. ऑगस्टच्या अखेरीस एका रात्री फोन आला.

"बाई, दुसऱ्या नंबरच्या बाजूनं कोंब आलाय. पेन्सिलीएवढा. पण याला काठ नाही."

"येणार नाही, अण्णा. आणि ते खोडाचं?"

"ते आहे तसंच आहे. पान ताठ आहे, नवीन काही नाही." थोडे थांबून म्हणाले, "या हिरव्याला पण तसंच ना? दोन पेरं?"

"हो, तसंच."

"बरं," म्हणाले, आणि मग जास्वंदीला कळी आल्याचे सांगू लागले.